रायफलीवरील दुर्बीण : निवड, मूल्य आणि मर्यादा
(रायगड जिल्ह्यातील महाविद्यालयीन नेमबाजीच्या संदर्भात)

प्रस्तावना

१ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथील ऑलिंपिक स्पर्धेत कोल्हापूर जिल्ह्याच्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स या प्रकारात कांस्यपदक मिळविले. महाराष्ट्राच्या नेमबाजीची परंपरा त्याहून जुनी आहे. अंजली भागवत या मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयात शिकत असताना राष्ट्रीय छात्रसेनेच्या माध्यमातून या खेळाकडे वळल्या. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळविले. सुमा शिरूर यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये १० मीटर एअर रायफलची अंतिम फेरी गाठली आणि पुढे पनवेल येथे प्रशिक्षणाचे काम उभे केले. म्हणजे रायगड जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हा खेळ पाहण्यासाठी आता जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही.

असे असता पालीसारख्या तालुक्याच्या गावातील महाविद्यालयाने जिमखान्याच्या तुटपुंज्या तरतुदीतून एखादी एअर रायफल घेण्याचे ठरविले, तर खरेदी समितीपुढे लवकरच एक प्रश्न उभा राहतो : रायफलीवर दुर्बीण घ्यावी का, आणि घ्यावयाची तर कोणती? दुर्बीण बसविलेली रायफल दिसावयास रुबाबदार दिसते. विक्रेताही तीच पुढे करतो. चित्रपटांनी नेमबाज आणि दुर्बीण यांचे नाते इतके घट्ट केले आहे की दुर्बिणीशिवाय अचूक नेम ही कल्पनाच अनेकांना पटत नाही. वस्तुतः वर उल्लेखिलेल्या चारही नेमबाजांनी ज्या प्रकारांत नाव मिळविले, त्या प्रकारांत रायफलीवर दुर्बीण लावण्यास मनाई आहे. खरेदीचा विचार या वस्तुस्थितीपासून सुरू व्हावयास हवा. किमतीचा क्रम त्यानंतरचा आहे.

शिकारीचा मुद्दा

परदेशी माहितीपत्रकांत रायफलीच्या दुर्बिणींची वर्गवारी प्रायः शिकारीच्या गरजेनुसार केलेली असते. झाडीतील जवळच्या शिकारीसाठी कमी शक्तीची, मोकळ्या माळावरील शिकारीसाठी अधिक शक्तीची, संध्याकाळच्या शिकारीसाठी मोठ्या भिंगाची, अशी ती मांडणी असते. भारतीय ग्राहकाला ती जशीच्या तशी लागू करता येत नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ९ नुसार शिकारीस बंदी आहे. १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन शिकार करण्याची उरलीसुरली वाटही बंद झाली. कायद्यातील 'शिकार' या शब्दाची व्याप्ती मोठी आहे. प्राण्याला ठार मारणे, जखमी करणे, फासात पकडणे, हाका घालणे, पक्ष्यांची अंडी वा घरटी विस्कटणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सर्व तिच्यात येते. छर्ऱ्याच्या बंदुकीने वडावरचा हरियाल टिपणे हा पोरखेळ नसून गुन्हा आहे, हे रायफल हाती देण्यापूर्वी विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

भातशेतीत रानडुकरांचा उपद्रव सुधागड तालुक्याला नवा नाही, आणि कोकणात शेतीसंरक्षणासाठी परवान्याची ठासणीची बंदूक बाळगणारी घरे अजूनही आढळतात. परंतु तो परवाना बंदूक बाळगण्याचा असतो, प्राणी मारण्याचा नव्हे. उभ्या पिकाला धोका झाल्यास कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षकाची अथवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याची लेखी व सकारण परवानगी लागते. अशा प्रसंगी नेम धरावयाचा तो थोड्या अंतरावरून, अपुऱ्या प्रकाशात आणि बहुधा नुसत्या माशीवरून. तेथे दुर्बिणीच्या वर्गवारीचा प्रश्न क्वचितच उद्भवतो.

याच जिल्ह्यातील फणसाडचे अरण्य एके काळी जंजिरा संस्थानाच्या नवाबाचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९८६ मध्ये ते अभयारण्य म्हणून घोषित झाले. आज तेथे दुर्बीण नेली जाते ती गळ्यात अडकवून, पक्षी पाहण्यासाठी. रायफलीची दुर्बीण या कामाला अगदी निरुपयोगी ठरते. तिचे दृष्टिक्षेत्र अरुंद असते, आणि रायफलीवर बसविलेल्या दुर्बिणीतून जिकडे पाहावे तिकडे नळीचे तोंड वळते, हा धोका तर फारच गंभीर आहे.

स्पर्धेचे नियम

आंतरराष्ट्रीय नेमबाजी क्रीडा महासंघाच्या नियमांनुसार १० मीटर एअर रायफल व ५० मीटर रायफल या प्रकारांत रायफलीवर भिंग असलेले कोणतेही साधन जोडता येत नाही. चष्मा नेमबाजाने स्वतःच्या डोळ्यांवर घालावा, रायफलीवर नव्हे, इतका हा नियम काटेकोर आहे. रायफलीपासून अलग, तिवईवर ठेवून लक्ष्यावरील छिद्रे पाहण्याच्या दुर्बिणीस मात्र ५० मीटरच्या प्रकारात हरकत नाही. ऑलिंपिकमध्ये रायफलीवर दुर्बीण चालत असे ती धावत्या लक्ष्याच्या प्रकारात. १९९२ ते २००४ या काळातील १० मीटर धावत्या लक्ष्याच्या स्पर्धेत चार पटींपर्यंतची दुर्बीण मान्य होती. पुढे तो प्रकारच ऑलिंपिकमधून वगळण्यात आला.

आपल्याकडील एअर रायफल स्पर्धांत 'ओपन साईट' आणि 'पीप साईट' असे दोन गट आढळतात. ओपन साईट म्हणजे मागे खाच आणि पुढे माशी असलेली साधी रचना. छात्रसेनेच्या .२२ रायफलीवर गोळीबार केलेल्या प्रत्येकाला नेम धरण्याचा हा साधा मार्ग परिचित असतो. नवशिक्याचा प्रवेश बहुधा याच गटातून होतो, आणि त्यासाठी रायफलीसोबत आलेल्या सामग्रीपलीकडे एक रुपयाही खर्च करावा लागत नाही. उलटपक्षी, ज्या विद्यार्थ्याने वर्षभर दुर्बिणीतून सराव केला त्याला स्पर्धेच्या दिवशी ती उतरवावी लागेल. त्याने कमावलेली डोक्याची ठेवण, गाल टेकविण्याची जागा आणि डोळ्याची सवय यांतील बरेचसे तेथे निरुपयोगी ठरते. पैसा वाया गेला तर तो पुढील अंदाजपत्रकात भरून काढता येतो. पदवीच्या तीन-चार वर्षांतील वाया गेलेले एक वर्ष विद्यार्थ्याला परत मिळत नाही.

दुर्बिणीविना इतके बारीक लक्ष्य दिसते तरी कसे, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. १० मीटर एअर रायफलच्या लक्ष्यावरील काळ्या वर्तुळाचा व्यास ३०.५ मिलिमीटर असतो. १० मीटरवरून ते सुमारे साडेदहा कलांचा कोन करते. पौर्णिमेचा चंद्र डोळ्याशी साधारण ३१ कलांचा कोन करतो. म्हणजे काळे वर्तुळ चंद्रबिंबाच्या एक तृतीयांशाएवढे दिसते. निरोगी डोळा एका कलेपर्यंतचा भेद ओळखू शकतो, तेव्हा पाहण्याची अडचण येथे नाहीच. दहाव्या गुणाचे वर्तुळ अवघे अर्ध्या मिलिमीटरचे असते आणि ते नेमबाजाला दिसत नाही. तसे दिसण्याची आवश्यकताही नाही. पीप साईटमध्ये मागील बाजूस सुमारे एक मिलिमीटरचे बारीक छिद्र आणि पुढे नळीच्या टोकाशी एक कडे असते. बारीक छिद्रामुळे जवळचे कडे आणि दूरचे लक्ष्य ही दोन्ही एकाच वेळी पुरेशी स्पष्ट दिसतात, आणि काळे वर्तुळ कड्याच्या बरोबर मध्यभागी आणणे एवढेच काम डोळ्याला उरते. एकात एक वर्तुळे समकेंद्री आहेत की नाहीत हे माणसाचा डोळा आश्चर्यकारक अचूकतेने ओळखतो. छिद्र आणि कडे यांतील अंतर ७५ सेंटिमीटर धरल्यास कड्याची एक दशांश मिलिमीटरची चूक लक्ष्यावर सुमारे १.३ मिलिमीटरची, म्हणजे अर्ध्या गुणवर्तुळाची होते. म्हणून मर्यादित तरतुदीतून खर्च करावयाचा झाल्यास चांगल्या पीप साईटवर करावा. दुर्बिणीचा क्रम तिच्यानंतर लागतो.

दुर्बिणीचा न्याय्य उपयोग

याचा अर्थ दुर्बिणीला कामच नाही असा नव्हे. रायफल टेकूवर ठेवून वेगवेगळ्या छर्ऱ्यांपैकी कोणते त्या नळीतून एकाच ठिकाणी पडतात हे तपासताना माणसाच्या नजरेची चूक वगळावी लागते, आणि तेथे दुर्बीण उपयोगी पडते. विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताची थरथर दाखविण्यासाठीही ती काही मिनिटे वापरता येते. परदेशांत 'फील्ड टार्गेट' आणि 'बेंचरेस्ट' हे दुर्बिणीचे स्वतंत्र क्रीडाप्रकार रुजले आहेत. फील्ड टार्गेटमध्ये निरनिराळ्या अंतरांवर ठेवलेले धातूचे आकार एअर रायफलीने पाडावयाचे असतात, आणि अंतराचा अंदाजही दुर्बिणीच्या फोकसवरूनच बांधला जातो. अशा कारणांसाठी जो दुर्बीण घेऊ इच्छितो त्याला पुढील विवेचन उपयोगी पडावे.

दुर्बिणीवर '३–९×४०' असे काही लिहिलेले असते. त्याचा अर्थ, प्रतिमा तीन ते नऊ पटींपर्यंत मोठी करता येते आणि पुढील वस्तुभिंगाचा व्यास ४० मिलिमीटर आहे. अत्यंत स्वस्त दुर्बिणीवर हेच आकडे असतात आणि तिच्या दहापट किमतीच्या दुर्बिणीवरही हेच. या आकड्यांवरून गुणवत्ता कळत नाही, ही ग्राहकाची पहिली अडचण होय. वस्तुभिंगाच्या व्यासाला शक्तीने भागले असता नेत्रिकेतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. नऊ पटींवर ती ४.४ मिलिमीटर येते. उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, म्हणजे याहून जाड झोताचा बराचसा भाग डोळ्यात शिरतच नाही. दिवसाउजेडी लक्ष्यवेध करणाऱ्याने ५० किंवा ५६ मिलिमीटरच्या भिंगासाठी जादा पैसे मोजणे हे वजन विकत घेण्यासारखे आहे. तीच गोष्ट नळकांड्याची. २५.४ मिलिमीटरऐवजी ३० मिलिमीटर जाडीचे नळकांडे असल्यास आतील समायोजनाला अधिक जागा मिळते. त्यामुळे प्रकाश वाढतो हा समज चुकीचा आहे.

शक्तीचा मोह सर्वांत महाग पडतो. नऊ पटींनी लक्ष्य मोठे होते तशी हाताची थरथरही नऊ पटींनी मोठी दिसते, आणि नवशिका क्रॉसहेअर मध्यावर येण्याची वाट पाहत घोडा हिसकतो. शिवाय शक्ती बदलणाऱ्या दुर्बिणीत भिंगांचे गट पुढेमागे सरकतात. ही यंत्रणा स्वस्तात नीट बनविणे अवघड असते. त्यामुळे किंमत समान असल्यास शक्ती न बदलणारी ४×३२ दुर्बीण ही ३–९×४० पेक्षा बहुधा अधिक टिकाऊ आणि अधिक भरवशाची निघते.

पराशय आणि धक्का

एअर रायफलच्या संदर्भात पराशयाचा दोष सर्वांत महत्त्वाचा आहे, आणि खरेदीच्या वेळी त्याची चौकशी क्वचितच होते. डोळा किंचित बाजूला सरकला की क्रॉसहेअर लक्ष्यावरून सरकल्यासारखा दिसतो, त्याला पराशय म्हणतात. लक्ष्याची प्रतिमा ज्या प्रतलात पडते त्याच प्रतलात क्रॉसहेअर असेल तरच हा दोष नाहीसा होतो, आणि ते एका विशिष्ट अंतरासाठीच साधते. मोठ्या रायफलींसाठीच्या दुर्बिणी सामान्यतः कारखान्यातच १०० यार्डांसाठी, म्हणजे ९१ मीटरसाठी बांधलेल्या असतात. तीच दुर्बीण १० मीटरवर वापरली तर काय होईल? समरूप त्रिकोणांच्या साध्या गणिताने, कमाल चूक ही वस्तुभिंगाच्या त्रिज्येला दोन अंतरांतील फरकाने गुणून बांधलेल्या अंतराने भागल्यास मिळते. ४० मिलिमीटरच्या भिंगासाठी ती २० × ८१ ÷ ९१, म्हणजे १७.८ मिलिमीटर येते. १० मीटरच्या लक्ष्यावर गुणांची वर्तुळे अडीच-अडीच मिलिमीटरवर असतात. म्हणजे डोळा अगदी कडेला गेल्यास सात गुणांची चूक होऊ शकते. प्रत्यक्षात डोळा इतका कडेला जात नाही, तरी याच्या चतुर्थांश चूकही सरावाचा सारा हिशेब बिघडवते. शिवाय प्रतिमा धूसर राहते ती वेगळीच. म्हणून ज्या दुर्बिणीचा फोकस दहा यार्डांपर्यंत खाली आणता येतो तीच एअर रायफलसाठी योग्य. फोकसचे कडे पुढील भिंगापाशी असो वा बाजूच्या चाकावर, त्याने फरक पडत नाही.

धक्क्याचा प्रश्न त्याहून चमत्कारिक आहे. बारुदाच्या मोठ्या रायफलीचा धक्का सहन करणारी दुर्बीण एअर रायफलवर सहज टिकेल असे कोणालाही वाटेल. पण स्प्रिंगच्या एअर रायफलीत घोडा दाबताच जड दट्ट्या पुढे झेपावतो, त्या क्षणी रायफल मागे येते, आणि दट्ट्या टोकाशी दबलेल्या हवेवर अडला की ती पुढे झटका देते. हा दुहेरी धक्का केवळ मागे येणाऱ्या धक्क्यासाठी बनविलेल्या दुर्बिणीची आतली भिंगे सैल करतो. पकडीही रुळावरून हळूहळू मागे सरकतात. त्यासाठी अडसराची खीळ असलेली पकड घ्यावी. दाबाखालील हवेवर चालणाऱ्या, म्हणजे पीसीपी, रायफलीत हा उपद्रव जवळपास नसतो. स्प्रिंगची रायफल असेल तर दुर्बीण 'एअर रायफलसाठी' अशी स्पष्ट हमी देणारीच असावी. नळीचा व्यास ०.१७७ इंच आणि ऊर्जा २० ज्यूल यांपुढे न जाणाऱ्या एअर रायफलीस शस्त्र नियम, २०१६ नुसार परवाना लागत नाही. मात्र खरेदी करताना ओळखीची कागदपत्रे द्यावी लागतात. महाविद्यालयाने ही खरेदी प्राचार्यांच्या लेखी ठरावानेच करणे इष्ट.

लेप, काच आणि प्रयोगशाळेतील तपासणी

काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. दुर्बिणीत असे दहा पृष्ठभाग धरले तर लेप नसल्यास पलीकडे दोन तृतीयांश प्रकाशच पोहोचेल. चांगल्या बहुस्तरीय लेपाने परावर्तन अर्ध्या टक्क्यावर आणता येते आणि मग ९५ टक्के प्रकाश मिळतो. जाहिरातीतील 'कोटेड' हा शब्द एका पृष्ठभागावरच्या एका थरालाही लागू पडतो. सर्व पृष्ठभागांवर बहुस्तरीय लेप आहे असे लिहिलेले असेल तरच त्याला किंमत द्यावी. विक्रेते काचेवरील गडद तांबडी झाक उत्तम लेपाची खूण म्हणून दाखवितात. तांबडा प्रकाश परत येतो याचा अर्थ तो आत गेला नाही, इतकाच.

महाविद्यालयाचा एक लाभ असा की पदार्थविज्ञानाची प्रयोगशाळा हाताशी असते, आणि विक्रेत्याच्या शब्दावर विसंबावे लागत नाही. दुर्बीण आकाशाकडे, पण सूर्यापासून दूर, रोखून नेत्रिकेमागे पातळ कागद धरावा आणि त्यावर पडणाऱ्या सर्वांत लहान, स्पष्ट प्रकाशवर्तुळाचा व्यास व्हर्निअरने मोजावा. त्याला शक्तीने गुणले की वस्तुभिंगाचा व्यास यावयास हवा. ४० ऐवजी ३० आले, तर शक्तीचा आकडा तरी खऱ्यापेक्षा कमी लिहिलेला आहे किंवा आतील अरुंद कड्याने पुढच्या भिंगाचा काही भाग झाकलेला आहे. दुसरी तपासणी आलेख-कागदाची. रायफलीवर न चढविलेली दुर्बीण बाकावर पक्की आवळून दहा मीटरवर आलेख-कागद लावावा. पाव कलेच्या प्रत्येक टिचकीने क्रॉसहेअर ०.७३ मिलिमीटर सरकावयास हवा, म्हणजे चाळीस टिचक्यांनी २९ मिलिमीटर. चाळीस उजवीकडे, चाळीस वर, चाळीस डावीकडे आणि चाळीस खाली असा चौकोन पूर्ण केल्यावर तो मूळ बिंदूवर परतला पाहिजे. स्वस्त दुर्बिणी नेमक्या येथे उघड्या पडतात. काच बरी असते, पण आतील स्क्रू आणि स्प्रिंग परतीच्या वाटेवर अडखळतात. परतावा करता येण्याच्या मुदतीतच ही तपासणी उरकावी.

आणि पावसाळा. रायगडात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो; जून ते सप्टेंबर या काळात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते, तशी ती भिंगांनाही येते. बुरशीचे तंतू लेप खातात आणि मग पुसून काही उपयोग होत नाही. आत नायट्रोजन भरून सीलबंद केलेली दुर्बीण आतून धुरकटत नाही, परंतु बाहेरच्या भिंगांची काळजी घ्यावीच लागते. ज्या स्पंजच्या पेटीत दुर्बीण विकत मिळते ती पेटी ओलावा धरून ठेवते. दुर्बीण तीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावी आणि जेलचा रंग बदलताच ते तापवून पुन्हा कोरडे करावे. ऑक्टोबरमध्ये सराव सुरू करण्यापूर्वी आलेख-कागदाची चौकोन तपासणी पुन्हा एकदा करून तिची नोंद साहित्यवहीत ठेवावी.